उभ्यानं खाल्लेलं

"तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, सहा पूर्णांक तीन," व्हर्ना म्हणाली. "मागच्या खेपेला सहा होतं. साडेसहाला आम्ही मधुमेह म्हणतो."

"मग तुझं मशीन बिघडलंय," डेल्फिना म्हणाली. "तीन महिने झाले, मी धड जेवायला बसलेले नाही. विचार आईला."

व्हर्ना तिची मावसबहीण. गावच्या दवाखान्यात मधुमेहाबद्दल समजावून सांगायचं काम तिचं, आणि नातेवाईक असल्यामुळे तिचं कोणीच ऐकत नसे.

"रक्तातच आहे आपल्या," डेल्फिना म्हणाली. "आजीला होता, दोन्ही मामांना होता. आईचं तर बघतेच आहेस."

आई, रमोना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसायची. डेल्फिना तिला गाडीनं न्यायची, आणायची. आईची खुर्ची खिडकीजवळ होती. तिच्या शेजारची खुर्ची हल्ली रिकामी असे. त्या खुर्चीकडे बघायचं डेल्फिना टाळायची.

"रक्तात कल आहे, हे खरं," व्हर्ना म्हणाली. "पण कल म्हणजे निकाल नव्हे. हे बघ, तुझ्या भाषेत सांगते. सणाच्या पंगतीला वाढपी असतात ना? इन्सुलिन म्हणजे वाढपी. साखरेचं ताट घेऊन तो पेशीचं दार ठोठावतो. पेशीत आधीच चरबी साठली असेल, तर आतल्यांना ते ऐकूच येत नाही. मग स्वयंपाकघर आणखी वाढपी पाठवतं, आणि आणखी. कित्येक वर्षं बाहेर कोणाला काही कळत नाही, कारण ताटं कशीबशी आत जात असतात. मग एक दिवस वाढपीच थकतात."

"छान. माझे थकलेत."

"अजून नाही थकले. दमछाक चाललीय त्यांची." व्हर्नानं खणातून बाटलीच्या झाकणाएवढी एक चकती काढली. "ही दंडाला लावते. साखर वरखाली झाली की फोनवर दिसेल. शनिवारी सण आहे, आणि चूल तुझ्याकडे आहे. राहू दे अंगावर."

"लाव. रक्ताचंच आहे हे तुला एकदा कळू तरी दे."

शनिवारी पहाटेच चर्चमागच्या आवारात मेस्कीटची, वाळवंटातल्या त्या काटेरी झाडाची, लाकडं पेटली. बायका पिठाचे गोळे थापून, दंडावर झुलवून हातभर रुंद पोळ्या करत होत्या. लाल मिरचीतलं मांस, घेवडा, बटाट्याचं सॅलड. पंगतीमागून पंगत बसत होती. मुख्य स्वयंपाकीण शेवटच्या पंगतीपर्यंत बसत नाही, हा रिवाज. प्रत्येक पातेलं तिनं चाखायचं, हाही रिवाज.

दुपारी फोन वाजला तेव्हा ती चमकली. रेघ सरळ वर गेली होती. उपाशी पोटी? ती जवळजवळ खूश झाली. मग तिनं रेघेवर बोट ठेवून मागे सरकवलं आणि त्या वेळी आपण काय करत होतो ते आठवलं. पोळीचा तुकडा तोडून मिरचीत बुडवला होता, मीठ बघायला. घेवड्यासाठी आणखी एक. आणि ऊन वाढल्यापासून बादलीतलं ते लाल गोड सरबत, डावानं घेऊन, पाण्यासारखं. सगळं उभ्यानं. रेघेवरच्या प्रत्येक टेकडीखाली असंच काहीतरी निघालं. रोजच्या घरच्या स्वयंपाकातही ती हेच करत होती, आणि उभ्यानं खाल्लेलं तिच्या हिशेबी खाणंच नव्हतं.

तिनं डाव बादलीत टाकला आणि पाण्याचा माठ शोधला. फोन मात्र कोणाला दाखवला नाही.

दिवस कलल्यावर स्वयंपाकिणींची पंगत बसली. ताट नाकारणं म्हणजे राबलेल्या हातांचा अपमान, म्हणून तीही सगळ्यांसारखीच जेवली. पटांगणात तिच्या भावाची, इमर्सनची, मंडळी अ‍ॅकॉर्डियन आणि सॅक्सोफोन जुळवत होती. डेल्फिनानं बाह्या सारल्या आणि भांड्यांच्या ढिगाकडे वळली.

"आता तो फोन तरी बघ," व्हर्ना म्हणाली.

दोनशे आठ.

"बघ," डेल्फिना म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

चाकाच्या खुर्चीत बसलेली रमोना हे ऐकत होती. "भांडी राहू देत. नाचायला जा."

"कोण घासणार मग?"

"मी जन्मभर घासली. प्रत्येक सणाला वाजंत्री ऐकली ती पाठमोरी. जा म्हणते ना."

इमर्सननं बहिणीला पटांगणाकडे येताना पाहिलं आणि वाजवता वाजवताच ओरडला, "अरे, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" जोड्या डावीकडून फेर धरून फिरत होत्या. डेल्फिनानं आधी व्हर्नाबरोबर फेर धरला, मग एका म्हाताऱ्या चुलत्याबरोबर, मग धाप लागली तरी आणखी. पायाखालची धूळ उडत होती आणि मेस्कीटचा धूर केसांत अडकला होता.

परत आली तेव्हा फोनवर एकशे एकेचाळीस होते. तिनं पडदा पुसून पुन्हा पाहिला.

"ताट तेच," ती म्हणाली. "रक्तही तेच."

"चालणाऱ्या स्नायूला वाढप्याची फारशी गरज नसते," व्हर्ना म्हणाली. "तो स्वतःच मागचं दार उघडून ताट आत घेतो. आणि काही तास त्याचे कानही जरा उघडे राहतात. एका नाचानं मात्र काही होत नाही. रोज जेवणानंतर चालायला लागेल, सरबत सोडावं लागेल, थोडं वजनही उतरवावं लागेल. मग कदाचित साडेसहाची पाळी येणारच नाही."

डेल्फिनाला आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर आईकडे गेली आणि तिला कळलं, आपण रक्ताला इतके का चिकटून होतो ते. रक्ताचा दोष असला तर आईचा काहीच नव्हता. आता?

रमोनानं तिचा चेहरा वाचला. "माझ्या आजीच्या मळ्यात नदीचं पाणी यायचं," ती सावकाश म्हणाली. "वरच्या अंगाला येऊन वसलेल्या गोऱ्यांनी नदी वळवली. मळा वाळला, मग सरकारी शिध्यातलं पीठ आणि चरबी आली. त्यावर आम्ही जगलो, पोरी. त्यात माझी चूक शोधू नकोस. मीही शोधायचं थांबवलंय."

"पण कोणी सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असेल. मी भांडी घासत असेन."

व्हर्ना हसली. डेल्फिनाला हसता आलं नाही. ती वाकून आईच्या खुर्चीचा ब्रेक काढू लागली.

"काय करतेस?"

"नाचायला चल."

"मी? या चाकांवर?"

"ढकलणारी मी आहे. नाच माझा होईल, फेरी तुझी."

रमोनानं मांडीवरची शाल आवरून धरली. डेल्फिना खुर्ची ढकलत पटांगणात उतरली. धुळीत चाकं जड जात होती, मांड्या भरून येत होत्या. जोड्यांनी जागा करून दिली. मागे चुलीजवळ भांड्यांचा ढीग तसाच पडला होता.