चार बोटांची फट

"घर जंगम आहे की स्थावर?" नियोजन खात्याच्या खिडकीतल्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं.

"आत्ता तरी जागेवर उभं आहे, बाई," आयव्हर गिटन्स म्हणाला.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलीने अर्जावरच्या दोन रिकाम्या चौकटींवर पेन आपटलं. "मिस्टर गिटन्स, एकीत खूण करा. दोन्हींत नाही चालत."

आयव्हरची पंचाईत झाली. बेटावरच्या सेंट फिलिपच्या पंचक्रोशीत त्याच्याइतकी घरं कुणी हलवली नसतील. तिथे जमीन मळेवाल्याची आणि घर राहणाऱ्याचं, ही जुनी रीत. म्हणून घरं लाकडी असायची, सुट्या दगडांवर नुसती ठेवलेली. मालकाशी बिनसलं की आयव्हरला बोलावणं यायचं. तो भिंती सुट्या करायचा, फळ्यांवर खडूने आकडे घालायचा आणि सगळं ट्रकवर चढवायचा. संध्याकाळी दुसऱ्या जागी तेच घर असं उभं राहायचं, की बाई न बघता हात घालून नेहमीच्या खिळ्यावरची कढई काढायची. चाळीस वर्षं त्याने हेच काम केलं. त्याचं स्वतःचं घर मात्र या सगळ्या काळात तसूभरही हललं नव्हतं.

"मग स्थावर लिहा," तो म्हणाला.

"पण जमीन तर भाड्याची आहे ना? मग आधी जमीनमालकाची सही लागेल."

तो अर्जाची घडी करून बाहेर पडला.

हे सगळं उनासाठी चाललं होतं. फेब्रुवारीत तिचं कमरेचं हाड मोडलं आणि मागच्या अंगणातली न्हाणी तिला परदेशाइतकी लांब झाली. रोज सकाळी आयव्हर तिला उचलून तीन पायऱ्या उतरायचा. "लग्नाच्या दिवशी उचललं नाहीस, आणि आता मेली हौस आलीये तुला!" ती म्हणायची. पण कुंपणापलीकडून कुणी "गुड मॉर्निंग, मिस उना" म्हटलं, की ती त्याच्या खांद्यात तोंड लपवायची. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, खोलीला लागून न्हाणी बांधा, जमीन सपाट ठेवा, भिंती पक्क्या विटांच्या हव्यात, म्हणजे धरायचा दांडा नीट बसेल. पक्क्या भिंतींना नियोजन खात्याची परवानगी लागत होती. परवानगीला मालकाची सही लागत होती. आणि मालक टोरांटोत.

मालकाच्या वकिलाकडून दोन पानी पत्र आलं. आयव्हरने ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"काय म्हणतो?" उनाने विचारलं.

"सही देतो म्हणतो. पण पक्कं बांधकाम जमिनीचं होणार. आणि त्या बांधकामाला जे जोडलेलं असेल, तेही."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाणी बांधली की घर त्यांचं."

उनाने घरभर नजर फिरवली. "मग आपण कोण?"

आयव्हरने पत्र बायबलमध्ये ठेवलं, मग बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

गुरुवारी वाचनालयात कायद्याचा मोफत सल्ला मिळे. तिथल्या मिस थॉर्न तिशीच्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं आणि थेट म्हणाल्या, "यावर सही करू नका."

"मग न्हाणी?"

"ती करायलाच हवी."

"म्हणजे सही करू की नको?" आयव्हर काकुळतीला आला. "एक ऑफिस म्हणतं, घर स्थावर. दुसरं म्हणतं, स्थावर केलंत तर आमचं. तुम्ही म्हणता, सही नको पण न्हाणी हवी. मिस, मी सुतार आहे. मला एवढंच सांगा, काय कशाला जोडायचं?"

मिस थॉर्ननी पुन्हा पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "सगळं या 'जोडलेलं'वर आहे. तुमचं घर न्हाणीला जोडलेलंच नसेल तर?"

आयव्हरने टेबलावरची दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्या मधल्या जागेत आपली चार बोटं उभी घातली.

"एवढी फट," तो म्हणाला. "वर एक सुटी फळी. खिळा एकही नाही."

"तिथून तुमच्या मिसेस जाऊ शकतील?"

"मिस, मी अख्खी घरं नेली आहेत. एक बाई चार बोटं पलीकडे नेता येणार नाही मला?"

मिस थॉर्ननी त्याच दिवशी वकिलाला पत्र लिहिलं: न्हाणी जमिनीची, घर गिटन्सचं, दोन्हींच्या मध्ये फट; आणि नवरा-बायको हयात असेतो मालक त्यांना जागा सोडायला सांगणार नाही. पाच आठवडे काहीच आलं नाही. मग सही आली. खिडकीतल्या मुलीने नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "वेगळं बांधकाम आहे? मग हा अर्ज चालत नाही. दुसरा भरा."

त्याने दुसरा भरला.

ऑक्टोबरमध्ये न्हाणी उभी राहिली. तपासनीस आला, वाकला, फटीतून हात आरपार घातला आणि कागदावर शिक्का मारला. तो गेल्यावर आयव्हर बराच वेळ त्या भिंतींकडे बघत उभा राहिला. त्याने आयुष्यात बांधलेलं पहिलंच न हलणारं काम, आणि ते दुसऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उना स्वतःच्या पायांनी, भिंतीला धरून निघाली. फळीवर क्षणभर थांबली. आयव्हर मागे टॉवेल घेऊन, हात पुढे करून उभा होता.

"टॉवेल दे," ती म्हणाली.

"आत आणून देतो की."

"दे म्हणते ना. आणि जा जरा तिकडे."

तिने टॉवेल घेतला. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज झाला. मग पाणी पडायला लागलं.

आयव्हर दारापाशी तसाच उभा राहिला. आठ महिन्यांत सकाळच्या या वेळी त्याचे हात कधी रिकामे नव्हते. त्याने ते खिशात घातले, आणि पाण्याचा आवाज थांबेपर्यंत तिथून हलला नाही.