काठावरच्या पेशी

नव्या विद्यार्थिनीचे, घुमीचे, आकडे बाईंच्या घशाखाली उतरेनात. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींमधलं एक नियंत्रक प्रथिन बंद पाडलं की त्यांची शरीरभरची भटकंती मंदावते, हे बाईंनी सहा वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं, त्यावरच ही प्रयोगशाळा मिळाली. आणि ही कालची पोर म्हणते, प्रथिन चालू असो की बंद, पेशी तेवढ्याच पलीकडे जातात.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं बाईंना पहिल्यापासून वाटत होतं. घुमी आलीच होती बाईंशी वाकडं असलेल्या, दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या सरांकडून. बोलायची कमी, लिहायची ती वही हाताने झाकून. असल्या माणसांच्या पोटात काय शिजतं, कुणी सांगावं?

एका दुपारी ती जेवायला गेली आणि बाई तिच्या सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. जाळीच्या तळाच्या इवल्या पेल्यांत पेशी सोडलेल्या. जाळी भेदून खाली उतरलेल्या तेवढ्या जांभळ्या रंगवून मोजायच्या. प्रथिन चालू, दोनशे दहा. बंद, एकशे साठ. सापडली एकदाची चोरी.

घुमी परतताच त्यांनी कागद पुढे आपटला. "डोळे कुठे गहाण ठेवले होतेस?"

घुमीने आकडे पाहिले. "सूक्ष्मदर्शकातल्या चौकटीच्या काठावर अर्ध्याच दिसतात त्या पेशी मोजल्यात, बाई?"

"मोजतेच की."

"दोन्ही पेल्यांत?"

"आता तू मला मोजायला शिकव."

घुमीने पेल्यांवरच्या चालू-बंदच्या खुणांवर चिकटपट्टी लावली, जागा बदलल्या आणि खुर्ची पुढे केली.

बाई तणतणत बसल्या. काठावर एक अर्धी पेशी आली. घ्यायची की सोडायची? पेला कुठला, ते ठाऊक नव्हतं. असं अडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. चालू असेल तर घ्यायची, बंद असेल तर सोडायची, हे हात परस्पर ठरवत आला होता.

या वेळी त्यांनी काठावरच्या सगळ्या घेतल्या. पट्ट्या निघाल्या. दोनशे अकरा, दोनशे आठ.

"वहीत काय लिहू?" घुमीने विचारलं.

ही बाहेर बोलेल का, म्हणून बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"दोन्ही मोजण्या लिही. पहिलीपुढे माझं नाव घाल," त्या म्हणाल्या. "आणि माझे सहा वर्षांपूर्वीचे पेशींचे फोटो बाहेर काढ, परत मोजते. कुठला कशाचा, ते मला सांगू नकोस."