नर्मदेची समजूत

भानुमतीच्या नवऱ्याने लग्नानंतर वर्षाच्या आतच दुसरं घर मांडलं. ती भांडली नाही, रडली नाही. शहपुऱ्याहून निघाली ती थेट जबलपूरला, गढा वस्तीत भावाकडे आली आणि तिथेच राहिली.

नकला करण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मराठी घरांतल्या बायका जमल्या की तिची एक नक्कल हमखास व्हायची. ती ग्वारीघाटाच्या पायरीवर बसल्यासारखी पाटावर बसायची, नसलेलं लुगडं पिळायची आणि नर्मदेला झापायची. शोण नदाशी ठरलेलं लग्न, तो तिच्या दासीत, जुहिलेत, गुंतला म्हणून मोडून, रागाने तोंड फिरवून पश्चिमेला निघून गेलेली नर्मदा!

"काहून व, नर्मदे? शोण जुहिलेकडे पाहून राहिला म्हणून एवढा राग? पुरुषाचं असंच राहते, बाई. ताट एकीकडे, हात दुसरीकडे. चल परत! मंडप उभा आहे. लाडू आंबून राहिले!"

बायका पोट धरून हसायच्या.

एकदा तिच्या भावाचा मित्र अच्युत ओसरीवर बसून हे ऐकत होता. तो शाळेत गाणं शिकवायचा. म्हणाला, "ताई, याचं गाणं करू?"

"कर ना. पण लाडू ठेव त्यात."

लाडू काही राहिले नाहीत. अच्युतने चाल संथ बांधली, पाणी सरकत जावं तशी. 'मंडप अजून उभा, रेवा, एकदा वळून बघ.' रेवा म्हणजे नर्मदाच. गणेशोत्सवात त्याच्या बायकोने, पद्मजाने, ते म्हटलं आणि मंडळी डोळे पुसत घरी गेली. पुढे मुंबईच्या एका कंपनीने त्याची तबकडी काढली. मग काय, टांगेवालेसुद्धा मोडक्या मराठीत 'वळून बघ' गुणगुणू लागले.

भानुमतीला आधी मौज वाटली. पण आता तिने पाट ओढला, हवेतलं लुगडं पिळलं, की बायका गप्प व्हायच्या. एखादी पदर डोळ्यांना लावायची. तिच्याकडे सगळ्या अशा बघायच्या, जणू तीच अजून कुणाची वाट पाहते आहे.

"माझं श्राद्धच घालून राहिल्या या," ती वहिनीला म्हणाली आणि तिने नक्कल सोडली.

कार्तिकातल्या एका सकाळी ती पलीकडच्या तीरावर जायला नावेत बसली. धुकं एवढं, की घाट दिसेना, पाणी दिसेना. नाव जणू ढगातूनच चालली होती. म्हातारा नावाडी तेच गाणं गात होता. एक कडवं म्हणायचा, मग नुसतंच वल्हं मारायचा. त्या मधल्या शांततेत भानुमती सहज बोलून गेली, "लाडू आंबून राहिले, बाई."

नावाडी थांबला. मग खो खो हसला. "अरे दीदी, ये तो रिकार्ड में नहीं है!"

"नाही ना, भैया. काढून टाकलं त्यांनी."

"बोलो, बोलो. मैं गाता हूँ, आप बोलो."

तो गात गेला, ती मधे मधे बोलत गेली. पलीकडचा तीर कधी लागला ते दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या गणेशोत्सवात ती पेटीशेजारी जाऊन बसली. अच्युत गडबडला. "ताई, गाण्यात मधे बोलणं म्हणजे..."

"तू वाजव रे."

पद्मजाने पहिलं कडवं म्हटलं. भानुमतीने नदीला झापलं. लोक आधी चपापले, मग हळूहळू हसू लागले. कडव्यामागून कडवं जाऊ लागलं. डोळे ओले होत, तेच लगेच हसत. शेवटच्या ओळीनंतर पेटीचा एकच सूर लांबत राहिला. भानुमतीने कान देऊन ऐकल्यासारखं केलं. हे तिने कधी ठरवलं नव्हतं.

"काय म्हणते? परत काहून येऊ?" तिचा आवाज अगदी मऊ झाला. "अच्छा... पुढे समुद्र आहे म्हणते."

पद्मजा तिच्याकडे बघतच राहिली. अच्युतची बोटं पट्ट्यांवर तशीच. मागच्या रांगेत कुणी बाई खुदकन हसली, आणि ते हसू सतरंजीवरून पुढे पुढे येत सगळ्या मांडवात पसरलं. भानुमतीने डोळे मिटले. आपण अजून नावेत आहोत, असं तिला वाटलं.