बादलच्या कानातले गोचीड

बादल गेला तेव्हा कल्पिताच्या प्रयोगशाळेत त्याच्याच अंगावरचे गोचीड काचेच्या नळीत ठणठणीत जिवंत होते. ही गोष्ट तिने सासऱ्यांपासून लपवली नव्हती. पण आपण होऊन सांगितलीही नव्हती.

बादल म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, नाथाआबांचा कुत्रा. ठाण्याजवळ बाळकुमला आबांची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्यातले दोन फ्लॅट त्यांच्या नावावर आहेत. पण आबा राहायचे गावातल्या जुन्या बैठ्या घरातच. कुत्र्याला लिफ्टमध्ये नेलं की लोक नाकं मुरडतात, ते त्यांना खपत नसे. कल्पिता लग्न होऊन कोपरहून या घरात आली तेव्हा तिच्याशी सगळ्यात आधी दोस्ती केली ती बादलनेच. ती कामावरून आली की तो रिक्षापर्यंत धावत यायचा.

श्रावणात त्याने खाणं सोडलं. मग नाकातून रक्त आलं. वर्तकनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "गोचीडताप आहे. आणायला उशीर झालाय." गोळ्या सुरू झाल्या, सलाईन लागलं. टेबलावर निपचित पडलेल्या बादलच्या कान उलटून कल्पिताने रक्त पिऊन फुगलेली गोचिडांची पिल्लं एकेक करून चिमट्याने काढली आणि पर्समधल्या नळीत ठेवली. गोचिडांवरच तिचं संशोधन चालू होतं, हात सवयीने चालले. आबा बादलचं डोकं मांडीवर घेऊन ते बघत होते.

आठवडाभराने बादल गेला. घरामागे चिंचेखाली त्याला पुरून आल्यावर जेवताना आबांनी विचारलं, "ते किडे कुठं हायत?"

"लॅबमध्ये, आबा."

"जिवंत?"

"हो."

आबांनी ताटावरून हात उचलला आणि ते उठले. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. चहा हवा असला तर लक्ष्मीला, म्हणजे आपल्या बायकोला सांगायचे. कल्पिताच्या नवऱ्याने, प्रफुल्लने एकदा वडिलांना समजवायला बघितलं, तर म्हणाले, "तुझ्या बायकोनं त्यांना पाळलंय."

ते ऐकून कल्पिता चिडली नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती त्यांना पाळतच होती. दमट, उबदार कपाटात ठेवलेल्या त्या पिल्लांनी कात टाकली होती आणि तांबूस, चपळ गोचीड होऊन ती नळीच्या भिंतीवर चढत होती. तपासणीत त्यांच्यात तोच तापाचा जंतू सापडला. जंतू पोटात घेऊन ती मजेत होती. नेमकं हेच कोडं सोडवायला ती रोज ठाण्याच्या कॉलेजात जात होती. फक्त आता कपाटाचं दार उघडताना तिला रिक्षाकडे धावत येणारा बादल आठवायचा.

गणपतीनंतर एका दुपारी आबा कॉलेजात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत नवे बूट. दारातूनच म्हणाले, "दाखव मना."

इतक्या दिवसांनी ते तिच्याशी बोलत होते. तिने नळी त्यांच्या हातात दिली. कापसाचा बोळा काढून त्यांनी सगळे गोचीड फरशीवर झटकले असते आणि बुटाखाली चिरडले असते, तरी तिला ते थांबवता आलं नसतं. आबांनी नळी उजेडात धरली. बराच वेळ बघितलं.

"ताप यांना येत नाय?"

"या. दाखवते."

तिने दुसऱ्या नळीतल्या एका गोचिडाला निरुपद्रवी जंतू टोचून ठेवले होते, हिरवे चमकणारे. त्याच्या पायाचं टोक कापून तिने निघालेला पाण्यासारखा थेंब काचेवर घेतला आणि आबांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"हिरवं दिसतंय काय तरी. गोल फुग्याच्या आत."

"तो फुगा म्हणजे गोचिडाच्या अंगातली राखण करणारी पेशी. तिने जंतू गिळलेत. शिवाय जंतूंना मारणारी रसायनं असतात गोचिडाकडे. आणि जे रक्त तो पितो ना, ते पोटात पचताना त्याचे जे तुकडे होतात, तेही जंतू मारतात."

आबांनी मान वर केली. "म्हंजे आमच्या बादलचं रगत पिऊन त्याचंच औषध केलं?"

"हो."

"आन बादलकडं हे फुगे नव्हते?"

"होते, आबा. आपल्याकडेही असतात. पण हा तापाचा जंतू लबाड आहे. तो कुत्र्याच्या त्या पेशींतच शिरतो आणि तिथेच वाढतो. राखण करणाऱ्याच्याच घरात."

"मग गोचिडाला तो का नाय मारत?"

"मला माहीत नाही," कल्पिता म्हणाली. "कुणालाच नीट माहीत नाही. गोचीड त्याला हाकलतही नाही आणि वाढून डोईजडही होऊ देत नाही. ते कसं जमतं ते कळलं, तर कुत्र्यांसाठी काही करता येईल. कदाचित."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मग नळी तिच्याकडे देत म्हणाले, "मी मारायलाच आलेलो."

"कळलं होतं मला."

"मग दिलीस कशाला हातात?"

"तुमचा कुत्रा होता."

घरी जाताना रिक्षात ते एवढंच बोलले, "गावात अजून कुत्री हायत. त्यांचं काय?"

पुढच्या रविवारी दोघं गोचीड मारायचं औषध घेऊन बाहेर पडली. आबा ओळखीच्या कुत्र्याला बिस्किटं दाखवून धरायचे, कल्पिता मानेवर थेंब सोडायची. देवळामागच्या एका काळ्या कुत्रीने आबांच्या मनगटाला दात लावले. त्या भानगडीत संध्याकाळ इस्पितळात इंजेक्शन घेण्यात गेली. लक्ष्मीने दोघांनाही फैलावर घेतलं. आबा मात्र पट्टी बांधलेल्या हाताने जेवत सुनेला सांगत होते की काळी लबाड आहे, तिला मागून धरायला हवी होती.

कल्पिताच्या प्रयोगाच्या पहिल्या फेरीतून धड काही निघालं नाही. आकडे इकडेही झुकेनात आणि तिकडेही. तिने ते घरी सांगितलं, तेव्हा आबा ओट्यावर बसून वाल सोलत होते.

"मग आता?"

"परत पहिल्यापासून."

"हां," आबा म्हणाले, आणि सरकून तिला बसायला जागा दिली.