नखभर पावडर

मी बोलतेय, पण आधी कुणीतरी तो पंखा बंद करा. डबीचं झाकण उघडं आहे आणि मी फार हलकी आहे. एखादी शिंक, दाराचा धक्का, कुणी जोरात टाकलेला सुस्कारासुद्धा मला टेबलभर पसरवतो. मग ओल्या फडक्याशिवाय मला दुसरी गती नाही. हे मी रोज मनातल्या मनात ओरडून सांगते. ऐकतंय कोण?

मी नखांवर लावायची ॲक्रिलिक पावडर. डबीत पांढरी दिसते, नखावर बसले की काचेसारखी होते. अंगाला लावायच्या पावडरीसारखीच दिसते, आणि माझ्या आयुष्याचा निम्मा वैताग तिथूनच सुरू होतो. ज्या नेल पार्लरमध्ये मी राहते, ते म्हणजे आत्याच्या, सगळेच तिला आत्या म्हणतात, घराची पुढची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि जांभळा उजेड पाडणारा एक छोटा दिवा. मी नवी असताना आत्याच्या नवऱ्याने मला उचललं, हुंगलं, वास नाही म्हणून नाक मुरडलं आणि सरळ आपल्या बुटांत शिंपडलं. पायांना घाम येतो म्हणे.

"अहो, ती नखांची आहे," आत्या म्हणाली.

"मग पायाला नखं नसतात का?"

अशा माणसापुढे काय बोलायचं?

माझा जन्म कारखान्यातला. एका नळीतून घरंगळत आले, डबीत पडले, वर झाकण फिरलं. खरं तर माझी सोयरीक एका उग्र वासाच्या द्रवाशी ठरलेली होती. त्यात ब्रश बुडवायचा, मला टेकवायचा, ओला गोळा उचलून नखावर बसवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पण तो वास जिन्याने वर चढला आणि वरच्या मजल्यावरच्या बाई नाकाला रुमाल लावून खाली उतरल्या. "कपाटामागे उंदीर मेलाय म्हणून आम्ही सगळं घर पालथं घातलं," त्या म्हणाल्या. आत्याने द्रवाची बाटली त्याच दिवशी परत केली आणि मला जेल पॉलिशच्या गळ्यात बांधलं.

जेल स्वभावाने मऊ. नखावर पातळ पसरतं आणि दिव्याखाली जाईपर्यंत ओलंच राहतं. त्या ओल्यावर मला वरून भुरभुरवायचं, जास्तीची झटकायची आणि बोट दिव्याखाली धरायचं. जेल मला कवेत घेऊन घट्ट होतं. मग घासून सारखं करायचं आणि वर जेलचा आणखी एक हात फिरवायचा. एकटं जेल वाकून वाकून कडेने सुटतं. मी एकटी तर उडूनच जाते. दोघं मिळून मात्र नखाला असा टेकू देतो की कागदासारखं नखही ताठ राहतं.

आमची अट एकच. थर पातळ हवा. जाड झाला की उजेड तळापर्यंत पोचत नाही, आणि वरून कडक, आतून कच्चं असं काहीतरी होऊन बसतं.

एक अट. तीही लोकांना पाळवत नाही.

आणि नखं झाल्यावरचे प्रकार तर विचारूच नका. एक बाई इथून उठते आणि दारातच त्या नव्या नखांनी पर्सची अडकलेली चेन उचकटायला लागते. दुसरी विचारते, "किती टिकेल हो?" आणि विचारता विचारता अंगठ्याचं नख दातांखाली. मी कडक आहे हे मान्य, पण मी पक्कड नाही. कुणाच्या घरी कात्री सापडेनाशी झाली, या नुसत्या विचाराने मला धडकी भरते.

मग आत्याची भाची काम शिकायला आली. आत्या तिला दिवसभर "घाई करू नको" म्हणायची, त्यातलं 'घाई' तेवढं पोरीला चिकटलं. तिला घाई याच नावाने हाक मारतात. हुशार आहे, हातही साफ आहे. पण ऐकते अर्धं आणि उरलेलं स्वतःच्या मनाने जोडते.

एका दुपारी आत्या दाढ काढायला निघाली. जाताना बजावून गेली, "कुणी आलं तर बसव. फार तर जुना रंग काढून दे. पावडरीला हात लावायचा नाही."

मी डबीत सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार टिकला नाही.

दारात एक मुलगी उभी. पाठीवर गिटार, उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत गच्च धरलेला. एका वाद्यवृंदात एकच जागा निघाली होती आणि त्याच संध्याकाळी तिला वाजवून दाखवायला बोलावलं होतं. टॅक्सीच्या दारात अंगठ्याचं नख सापडलं आणि मधोमध चिरलं.

"रंग नको मला," गिटारवाली म्हणाली. "नुसतं मजबूत करून द्या. जाड तारा अंगठ्याने वाजवते मी. नख नसेल तर आवाज बसतो."

"आत्या नाहीये, ताई. संध्याकाळी येता का?"

"संध्याकाळी मी तिथे वाजवत असेन. नाहीतर घरी रडत असेन."

घाईने फोन लावला. आत्या नुकती डॉक्टरांच्या खुर्चीतून उठली होती. गालात कापूस, अर्धी जीभ बधिर. घाईने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून एकेक शब्द कापसातून ढकलत आत्या म्हणाली, "कर मग. पातळ जेल. वर पावडर नखभर. ऐकलंस? नखभरच." मग कण्हण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

नखभर म्हणजे किती, हे कुणालाही ठाऊक असतं. कडू औषध आपण नखभर घेतो, चव बघायला साखर नखभर घेतो. चिमटीच्याही आतलं माप. घाईलाही ते ठाऊक होतं. पण नखांचं पार्लर, नखावर घालायची पावडर आणि शब्द नखभर. तिला वाटलं, इथे तो शब्द सरळच घ्यायचा असणार. नख भरेल इतकी.

मी ओरडले. माझं ओरडणं म्हणजे डबीच्या काठावरून दोन कण खाली घसरणं. घाईने आतून चमचा आणला.

जेल तिने सुरेख लावलं, अगदी कडेपर्यंत. मग माझा ढीग ओतला. ओलं वर आलं तसा आणखी ढीग, त्यावर आणखी जेल. अंगठ्यावर टेकडी उभी राहिली.

"एवढी लागते?" गिटारवालीने विचारलं.

"आत्याने नखभरच सांगितलंय," घाई पूर्ण विश्वासाने म्हणाली.

दिव्याखाली टेकडी तापली. गिटारवालीने हात झटकन बाहेर ओढला. "भाजतंय मला."

"थोडं होतंच, ताई."

होत नसतं थोडं. पण माझं कोण ऐकतो. घाईने फुंकर घातली, टेकडी घासून नखाच्या आकाराची केली आणि गिटारवालीने वाद्य मांडीवर घेतलं. जाड तार छेडली तर कुणी दार ठोठावल्यासारखा 'टक्' आवाज आला. दुसऱ्यांदा छेडली आणि वरचं कडक टोपण एका बाजूने उचकटलं. आत मी भिजवलेल्या पिठासारखी लिबलिबीत. गिटारवालीने घाबरून ते टोपण ओढूनच काढलं, आणि त्याच्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही आला. खाली उरलेलं नख गुलाबी दिसत होतं, आधीपेक्षाही पातळ. ती रडली नाही. तारेवरचा हात उचलायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

तेवढ्यात आत्या आली. एक गाल सुजून टम्म. तिने अंगठा पाहिला, मग चमचा पाहिला.

"हे काय?"

"नखभर," घाई म्हणाली.

"अगं, नखभर म्हणजे एवढंसं."

"मग एवढंसं म्हणायचं ना, आत्या. नखांच्या पार्लरमध्ये नखभर म्हटल्यावर मी काय समजायचं?"

आत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, कापूस सरकला, तोंड मिटलं. एकीला बोलता येईना, दुसरीला ऐकता येईना, आणि मधल्यामध्ये बदनाम मी.

"तुम्ही नंतर भांडाल का?" गिटारवाली हळूच म्हणाली. "माझं जमणार आहे की नाही, तेवढं सांगा."

आत्याने आपला हात पुढे धरला. तो थरथरत होता. तिने मान हलवली, घाईला खुर्चीत ढकललं आणि स्वतः तिच्या मागे उभी राहिली. बोलणं जमत नव्हतं म्हणून तिने घाईचं मनगटच धरलं. मनगट दाबलं की थांबायचं, सोडलं की पुढे. आधी ओलं सगळं पुसून घेतलं, पातळ झालेल्या नखाला घासायची पट्टी लावू दिली नाही. जेलचा हात इतका पातळ की असून नसल्यासारखा. मग माझी चिमटी, उंचावरून, भुरभुर. झटकणं. दिवा. पुन्हा एकदा तेवढंच. घाईने एकदाही मध्ये तोंड उघडलं नाही. तिला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त भीती वाटली.

गिटारवालीने तार छेडली. आवाज खोलीभर घुमला. तिने गिटार पाठीवर टाकली आणि चप्पल पायात नीट जायच्या आत जिना उतरली.

पुढे काय झालं? मला कुठे कुणी सांगतं. माझे कण लोकांच्या बोटांवर बसून कुठल्या कुठे जातात आणि इकडे डबीत मी काळजी करत बसते. टिकलं असेल का? ऐन वेळी सुटलं तर? घाईही दार वाजलं की दचकून बघायची. आत्याच्या दाढेची जखम भरली, दोघींचं भांडण यथासांग होऊन मिटलं, तरी बातमी नाही.

मग एक दिवस गिटारवाली आली. अंगठ्याचं नख वाढून मी टोकाकडे सरकले होते.

"जागा मिळाली," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली.

घाईने श्वास सोडला. "नख त्रास देत नव्हतं ना?"

"नख? अगं, वाजवताना त्याची आठवणही झाली नाही."

घ्या. एका जिवाने एवढा घोर लावून घेतला आणि हिला आठवणही नाही. मी जळफळले. अजूनही थोडी जळफळते. पण तिला आठवण झाली असती तर ती नख सुटल्यामुळेच झाली असती, तेही मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त वैताग येतो.

"खालचं माझं वाढलंय आता," ती म्हणाली आणि नखाची कड दुसऱ्या बोटाने उचलायला लागली. "हे ओढून काढू?"

"नाही," आत्या, घाई आणि मी, आम्ही तिघी एकदम म्हणालो. तिला दोघींचंच ऐकू गेलं.

घाईने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि घासायची पट्टी उचलली. हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा. मी धूळ होऊन टेबलावर पडत गेले आणि माझ्याखालून तिचं स्वतःचं नख दिसायला लागलं. जाड, एकसंध.

आता डबीत मी तळाला आले आहे. उद्या-परवा संपेन आणि शेल्फावर दुसरी डबी येईल. तुमच्यापैकी कुणाच्या बोटावर मी अजून असेन, तर माझं एवढंच ऐका. गाडीत कंटाळा आला म्हणून, फोनवर बोलता बोलता, कडेने मला उचकटू नका. ओढलंत तर मी एकटी निघत नाही, तुमचाही पापुद्रा घेऊन निघते. माझं काम झालं की मी आपणहून जाते. फक्त जशी आले तशी, थोडी थोडी, जाऊ द्या मला.