शेवटची बाटली

मुलांनो, डोळ्यांपुढे एक काचेची बाटली आणा. तिच्यात गोड जेलीवर रानकांद्याचा एक पापुद्रा आहे. धाडच्या टेकडीवरचा तो शेवटचा कांदा. पापुद्रा रुजला तरच त्याचं फूल पुन्हा दिसेल. त्याच कांद्याचे पापुद्रे असलेल्या बाकीच्या बाटल्यांना बुरशी लागली होती, कारण छोट्या कौतिकानं हवा मिळावी म्हणून त्यांच्या तोंडचे कापसाचे बोळे काढले होते. आई नसलेली कौतिका शाळा सुटली की आत्याच्या प्रयोगशाळेत येई. आत्या कामात असे, आणि तिथं बोलायला दुसरं कोणी नसे.

“याले उघडू नको वं पोरी. आपल्या श्वासानंबी सडते,” आत्या म्हणाली.

“मंग ते एकटंच राह्यते?”

“हाव. मुळं फुटेपर्यंत.”

मग कौतिकानं तोंडाला रुमाल बांधला, बाटलीसमोर स्टूल ओढलं आणि शाळेतली गंमत काचेला हळूच सांगू लागली.