माझी घंटी दुरुस्त करू नका

बोलायची सवय सुटली आहे, म्हणून जरा सांभाळून घ्या. मी टायमर. पीळ देऊन फिरवायचा, लाल, गोलमटोल.

माझा जन्म अंडी उकडण्यासाठी झाला. 'घंटी वाजताच भांडे उतरवावे' हे माझ्यासोबतचं माहितीपत्रक आमच्या बाईंनी मराठीत केलं आणि नमुना म्हणून मी त्यांच्या घरी आलो. बाई भाषांतरकार. पंधरा वर्षं त्यांनी मिक्सरची आणि इस्त्र्यांची माहितीपत्रकं मराठीत केली. नाव कुठेच नाही. मग एका प्रकाशकाने त्यांना जाडजूड कादंबरी दिली. मुखपृष्ठावर त्यांचं नाव येणार होतं. अट एकच: महिनाअखेर पूर्ण हवी, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल.

बाईंनी मला ओट्यावरून टेबलावर आणलं. पंचवीस मिनिटं काम, मग घंटी, मग पाच मिनिटं विश्रांती, की पुन्हा पीळ. पहिले तीन दिवस काय सांगू! मी टिकटिकायचो, त्या लिहायच्या. घंटी वाजली की खिडकीशी उभं राहून मान मोकळी करायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा बसायच्या. पानांमागून पानं हातावेगळी होत होती. अंड्यांपेक्षा हे बरं, असं मला वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी घराला शोध लागला, की घंटी वाजली म्हणजे बाई मोकळ्या.

झालं! घंटी थांबायच्या आत दाराशी रांग. पुढे सासूबाई, हातात चष्मा. "अगं, याचा स्क्रू पिळून देतेस? तुझी सुट्टी झाली ना?" मागे लेक, भूमितीची वही घेऊन. तिच्यामागे यजमान, शर्टाचं बटण तळहातावर. "पाचच मिनिटांचं काम आहे गं."

अहो, त्यांच्याकडे आहेतच पाच मिनिटं! तीही तिघांत वाटायची? बटण लावायला तुम्हाला हात नाहीत? पण माझं ऐकतंय कोण! घंटी वाजली की पदार्थ तयार, हे पत्रकातच आहे, आणि ते लिहिलं कुणी, तर बाईंनीच.

नाही म्हणणं बाईंच्या स्वभावात नाही. पाचाची पंधरा मिनिटं व्हायची. परत येईपर्यंत मनात जुळवलेलं वाक्य उडून गेलेलं. मला खरी चीड यायची ती माझी. त्यांना उसंत मिळावी म्हणून वाजायचो आणि सगळ्या घराला बोलावून आणायचो. एकदा यजमान आत डोकावून म्हणाले, "अजून चार मिनिटं आहेत का? थांबतो मी." थांबतो म्हणे! बसथांबा आहे का हा?

महिना संपायला नऊ दिवस उरले, पानं साठ. दुपारी मी वाजलो, पण बाई उठल्या नाहीत. दाराबाहेर कुजबुज.

"वाजली ना?"

"वाजली की."

बाईंनी खणातून सासूबाईंच्या चष्म्यासाठी आणलेला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, मला पालथं घातलं आणि माझ्या घंटीवर आपटणारी चिमुकली हातोडी काढून खणात टाकली. मी हादरलो. घंटीच नाही तर टायमर कसला?

तेव्हापासून मी शून्यावर येतो आणि गप्प राहतो. बाई माझ्याकडे बघतात, खिडकीशी जातात, मान मोकळी करतात. बाहेर रांग ताटकळते. "आज फारच लांबलं हिचं काम," म्हणत सासूबाई कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. लेकीने मैत्रिणीला फोन लावला. यजमानांनी बटण लावलं. वाकडं, पण लावलं.

कादंबरी वेळेत गेली. आता ती माझ्या शेजारी उभी आहे, वर बाईंचं नाव. जन्मभर वाजून जे जमलं नाही, ते गप्प बसून जमलं, हे कबूल करताना मला थोडं लागतंच.

काल यजमानांनी मला कानाशी धरून हलवलं. "बिघडलाय गं हा. उद्या दुरुस्त करून आणतो." माणूस मनाचा चांगला आहे हो, तीच तर पंचाईत! बाईंनी कालच दुसरी कादंबरी हाती घेतली आहे, पहिल्याच पानावर आहेत. त्यांनी फक्त खण हळूच लावून घेतला.

तेव्हा दुरुस्तीवाले दादा, हात जोडतो. मला उघडा, पुसा, तेल घाला, हवं तर दोन शिव्या घाला. फक्त यजमानांना एवढंच सांगा, "याचा पार्ट आता मिळत नाही."